मेळघाटातले सहा दिवस आणि एक नोंदवही

पहिला दिवस

अमरावतीहून सकाळी साडेसहाला निघालो तेव्हा आकाश कोरडे होते. परतवाडा मागे पडून घाट लागला, तसा पाऊस सुरू झाला आणि पुढचे सहा दिवस तो पुरता थांबला असे एकदाही झाले नाही. परतवाडा, घटांग, सेमाडोह, हरिसाल आणि मग धारणी असा हा जवळपास दीडशे किलोमीटरचा प्रवास आहे. वाटेतला बराचसा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांपैकी हा एक. सिपना, खंडू, खापरा, गडगा आणि डोलार या इथल्या नद्या पुढे तापीला मिळतात. नकाशावर त्या बारीक रेषा दिसतात, पण ऑगस्टमध्ये त्यांतली एखादी फुगली की पलीकडच्या गावाला दवाखाना उरत नाही, हे आम्हाला गाडीतच सांगण्यात आले.

आम्ही अकरा जण होतो. नोंदणीकृत डॉक्टर दोन, एक सर आणि एक मॅडम. बाकीचे सगळे विद्यार्थी. माझ्यासह पाच जण एमबीबीएसनंतरच्या आंतरवासितेत होते, तिघी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षात आणि एक जण फार्मसीचा. ज्या स्वयंसेवी गटाबरोबर आम्ही निघालो होतो, तो दर पावसाळ्यात धारणी तालुक्यातल्या काही पाड्यांवर आठवडाभर दवाखाना मांडतो. पावसाळाच का, तर मागच्या पिकाचे धान्य संपलेले असते, नवे पीक हाती आलेले नसते, आया दिवसभर निंदणाला गेलेल्या असतात आणि जुलाब, न्यूमोनिया व हिवताप नेमके याच महिन्यांत वाढतात. १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंचा प्रश्न राज्यभर गाजला होता. त्यानंतर योजना आल्या, रस्ते आले, आरोग्यकेंद्रे वाढली. तरी पावसाळ्याची धास्ती संपलेली नाही.

सरांनी गाडीत एकच नियम सांगितला. विद्यार्थी तपासतील, लिहितील, आपले मत मांडतील. मात्र चिठ्ठीवर डॉक्टरांची सही झाल्याशिवाय एकही गोळी रुग्णाच्या हातात जाणार नाही. शहरातल्या रुग्णालयात आपण जे करू धजत नाही, ते इथे कुणी विचारणारे नाही म्हणून करायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ, असे ते म्हणाले. अशा शिबिरांकडे मी तोवर अनुभव मिळवण्याची संधी म्हणूनच पाहत होते. तो अनुभव कुणाच्या शरीरावर मिळणार आहे, हा प्रश्न मला त्या वाक्याने पहिल्यांदा पडला.

मुक्कामाच्या गावाचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ती माणसे त्यावरून सहज ओळखू येतील.

दुसरा दिवस

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. पहिल्या टेबलावर नोंदणी, दुसऱ्यावर वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन, मग तपासणीची तीन टेबले आणि व्हरांड्यात औषधे, अशी मांडणी आठ वाजेपर्यंत झाली आणि नऊच्या सुमारास बायका येऊ लागल्या.

इथली बहुतेक वस्ती कोरकूंची आहे. कोरो म्हणजे माणूस आणि कू हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणजे कोरकू या शब्दाचा अर्थच मुळी 'माणसे'. ही भाषा मुंडा कुळातली. तिच्या बहिणी संथाळी आणि मुंडारी पार पूर्वेकडे राहिल्या आणि ही एकटी मराठी-हिंदीच्या मुलखात टिकली. रुग्ण कोरकूत बोलायचा, आशाताई, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्त्या, ते हिंदीत सांगायच्या आणि मी मराठीत लिहून घ्यायचे. या प्रवासात काय काय गळून पडत असेल याची कल्पना मला पहिल्याच रुग्णाने दिली. चक्कर येते, हातपाय दुखतात, कमजोरी आहे, असे ती बाई सांगत होती. किती दिवसांपासून, असे मी विचारले, तर उत्तर आले, "पेरणीपासून." मी पुन्हा विचारले, किती आठवडे? आशाताईंनी तो प्रश्न भाषांतरितच केला नाही. त्यांनी मला सांगितले की पेरणी कधी झाली ते मी त्यांना विचारावे आणि आठवडे माझे मी मोजावेत. त्यानंतर मी होळीच्या आधी की नंतर, मोहफुलांच्या दिवसांत की पहिल्या पावसात, असेच विचारत गेले आणि उत्तरे नेमकी येऊ लागली.

दुपारी पाठदुखीचा एक मध्यमवयीन माणूस आला. मी आयबुप्रोफेन लिहिले आणि सवयीने पुढे जोडले, 'दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर.' सरांची सही होण्याआधी चिठ्ठी औषधांच्या टेबलाला दाखवण्याचा आमच्याकडे रिवाज होता. तिथे फार्मसीच्या विद्यार्थ्याने त्या माणसाला विचारले की तुम्ही दिवसातून किती वेळा जेवता. दोनदा, असे तो म्हणाला. शेतावर जाण्याआधी आणि परत आल्यावर. म्हणजे दुपारची गोळी रिकाम्या पोटी जाणार होती आणि जठराच्या अस्तराला इजा करणार होती. सरांनी औषध बदलून पॅरासिटामॉल दिले. मला ते एक शब्दही रागावून बोलले नाहीत, पण साडेपाच वर्षांत मी हजारदा लिहिलेल्या त्या चार शब्दांत तीन जेवणे गृहीत धरलेली आहेत, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

त्याच दिवशी एका आजीबाईंचा रक्तदाब १६० आणि ९६ भरला. मी उत्साहाने अम्लोडिपिन सुचवले. सरांनी त्यांना पाच मिनिटे शांत बसवले, पाठ टेकवली, हाताला आधार दिला आणि पुन्हा मोजला. तो १४८ आणि ९० होता. आजीबाई डोंगर चढून आल्या होत्या आणि खोलीत दहा अनोळखी माणसे होती. एका दिवसाच्या मोजणीवर आयुष्यभराची गोळी सुरू करायची नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचा आणि तरीही वाढलेला निघाला तरच ठरवायचे. शिवाय गोळी द्यायचीच तर ती अशी हवी, जी शिबिर उठल्यावरही प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळेल. आम्ही येताना नामांकित कंपन्यांच्या नमुना-गोळ्यांचा एक खोका कुणीतरी प्रेमाने दिला होता. सरांनी तो उघडूच दिला नाही. महिनाभराने तीच गोळी मिळाली नाही, तर रुग्ण औषध थांबवतो आणि आपण दिलेला दिलासा त्याच्याच अंगावर उलटतो. ही गोष्ट औषधशास्त्राच्या पुस्तकात मी वाचलेली नव्हती. माझ्या मते ती पहिल्या पानावर असायला हवी.

तिसरा दिवस

या दिवसाविषयी मला सविस्तर लिहायचे आहे.

सकाळी एक आई चौदा महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. खोकला आहे, दूध कमी पितो, एवढेच तिने सांगितले. नर्सिंगच्या विद्यार्थिनीने दंडाचा घेर मोजणारी पट्टी गुंडाळली; ती लाल भागात, ११२ मिलिमीटरवर थांबली. सहा महिने ते पाच वर्षे या वयात हा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण मानले जाते. अशा मुलाला दुसरा काही आजार नसेल, भूक शाबूत असेल आणि पायांवर सूज नसेल, तर गावातल्या बालविकास केंद्रातच त्याच्यावर उपचार होऊ शकतात. गुंतागुंत असेल तर मात्र दाखल करावे लागते. दोन्ही पायांवर अंगठा तीन सेकंद दाबून पाहिला, खड्डा पडला नाही. आता श्वास मोजायचा होता.

मूल रडत होते. मी अंगड्यावरूनच तीस सेकंद मोजले, दुप्पट केली आणि ७० असा आकडा लिहिला. नर्सिंगच्या विद्यार्थिनीने माझा हात हलकेच थांबवला. रडत्या मुलाचा श्वास मोजून उपयोग नसतो, पूर्ण मिनिट मोजायचे असते आणि छाती-पोट उघडे दिसायला हवे, हे मलाही ठाऊक होते. परीक्षेत मी ते लिहिलेही होते. तिने आईला मुलाला पाजायला सांगितले, ती खाली जमिनीवर बसली आणि मूल शांत होईपर्यंत थांबली. मग तिने अंगडे वर केले.

पोटावर चटक्यांच्या जुन्या खुणा होत्या. पोट फुगले की तापवलेल्या लोखंडाने चटके देण्याची प्रथा या भागात आहे, हे मी ऐकले होते, पण प्रत्यक्ष पाहत होते पहिल्यांदाच. मी काही बोलले नाही. माझ्या चेहऱ्यावर मात्र जे उमटले ते आईने पाहिले आणि तिने चटकन पदर ओढून मुलाला झाकून घेतले. त्यानंतर माझ्या एकाही प्रश्नाचे उत्तर तिने दिले नाही.

पुढची वीस मिनिटे नर्सिंगच्या विद्यार्थिनीने काय केले, ते मी शेजारी बसून पाहिले. तिने त्या खुणांचा विषयच काढला नाही. मुलाचे नाव विचारले, घरी आणखी कितीजण आहेत ते विचारले, आपल्या धाकट्या भावाला लहानपणी असाच खोकला झाला होता आणि आई रात्रभर त्याला खांद्यावर घेऊन बसली होती, असे आशाताईंमार्फत सांगितले. आईने आपणहून पदर बाजूला केला. श्वास भरला ४६. बारा महिन्यांनंतर ही संख्या ४० किंवा त्याहून अधिक असेल तर तो जलद श्वास, म्हणजे न्यूमोनियाची खूण. कुपोषणावर न्यूमोनिया, म्हणजे दाखल करणे अटळ होते. मग आईनेच सांगितले की दोन महिन्यांपूर्वी मुलाचे पोट फुगले होते, तेव्हा रात्रीची वेळ होती, नदीला पाणी होते आणि सासूने जे पूर्वापार केले जाते ते केले. मूल मरू नये म्हणूनच केले. त्या रात्री त्या घरापुढे दुसरा कोणता पर्याय होता, हे मी आजवर स्वतःला अनेकदा विचारले आहे. चटके चूकच आहेत, त्यांनी मुले दगावतात, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्या बाईच्या डोळ्यांत मी जी तुच्छता पोचवली, तिच्यामुळे एका न्यूमोनियाचे निदान हुकणार होते.

मॅडमनी अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस तिथेच पाजला आणि धारणीला न्यायला सांगितले. आईने नकार दिला. घरी आणखी दोन मुले, नवरा मजुरीला मध्य प्रदेशात गेलेला, सासू दिवसभर शेतात. मी तिला न्यूमोनिया किती धोकादायक असतो ते समजावू लागले, तर मॅडमनी मला थांबवून आशाताईंना पुढे केले. संध्याकाळी आशाताई आणि उपकेंद्राच्या सिस्टर तिच्या घरी गेल्या, मीही मागे गेले. सासूने तीन प्रश्न विचारले: शेळ्यांना चारा कोण घालणार, सुनेची मजुरी बुडेल त्याचे काय आणि ती तिथे एकटीच राहणार का. तिन्हींपैकी एकही प्रश्न माझ्या विद्येतला नव्हता. शेळ्यांची सोय आशाताईंनी शेजारच्या घरी लावून दिली, पोषण पुनर्वसन केंद्रात आईला बुडीत मजुरी मिळते हे सिस्टरनी नीट सांगितले आणि पहिली रात्र आपण स्वतः सोबत राहू, असा शब्द आशाताईंनी दिला. रात्री साडेआठला आमचीच गाडी त्या सर्वांना घेऊन धारणीला निघाली.

चौथा दिवस

रात्रभर पाऊस कोसळला आणि अकरा वाजेपर्यंत शाळेत एकही रुग्ण आला नाही. तेव्हा दोघा-तिघांचे गट करून आम्हीच घरोघर निघालो. माझ्या गटात मॅडम होत्या. चिखलातून चालताना त्यांनी रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या कामाविषयी सांगितले. त्यांनी फारशा न शिकलेल्या, बहुतांशी दलित आणि गरीब घरांतल्या बायकांना गावाच्या आरोग्यसेविका म्हणून उभे केले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आणले. तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. २००५ मध्ये देशभर आशा नेमल्या गेल्या, त्यामागे अशाच कामांची पुण्याई होती. आदल्या संध्याकाळी जे मी पाहिले, ते यानंतर मला अधिक कळले.

एका गर्भवतीच्या घरी छपराच्या वाशात लोहाच्या गोळ्यांची पाकिटे खोचलेली दिसली, सगळी भरलेली. गरोदरपणात अशा १८० गोळ्या घ्यायच्या असतात. प्रत्येकीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. गोळ्या वेळेवर पोचल्या होत्या, सरकारी नोंदीत 'वाटप पूर्ण' असेच लिहिलेले असणार. तिने दोन दिवस घेतल्या, शौचाला काळे झाले म्हणून घाबरून थांबवल्या. शिवाय गोळ्यांनी बाळ मोठे होते आणि बाळंतपण अवघड जाते, असे तिला कुणीतरी सांगितले होते. शौचाला काळे होणार, ते लोहामुळे होते आणि त्यात भिण्यासारखे काही नाही, हे एक वाक्य गोळ्यांबरोबर तिच्यापर्यंत पोचले नव्हते. तिचे हिमोग्लोबिन ७.८ भरले. गरोदरपणात ते किमान ११ असायला हवे. गोळी रात्री जेवून घ्यायची, चहाबरोबर घ्यायची नाही, हे सांगून झाल्यावर मॅडमनी तिच्याकडूनच ते पुन्हा वदवून घेतले आणि सिस्टरच्या यादीत तिचे नाव वरच्या ओळीत आणले.

पुढच्या घरात जुलाब झालेल्या मुलीसाठी क्षारसंजीवनी (ओआरएस) कालवायला दाखवली. पाकीट एक लिटरचे, पण घरात एक लिटर मोजता येईल असे भांडेच नव्हते. अंदाजाने अर्ध्या लिटरमध्ये कालवले असते तर क्षार दुप्पट दाट झाले असते आणि जुलाब वाढले असते. आमच्या पाण्याच्या बाटलीने मोजून आम्ही त्यांच्या गंजाला आतून खिळ्याने खूण केली. कोरकूत पाण्याला डा म्हणतात. खुणेपर्यंत डा, मग सगळे पाकीट, हे त्या मुलीच्या आजीने शेजारणीला लगेच समजावूनही दिले. सहा दिवसांत आम्ही केलेल्या कामांपैकी ही खिळ्याची खूण बहुधा सर्वांत जास्त टिकेल.

पाचवा दिवस

पलीकडच्या पाड्यावर गेलो. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा हातापायांच्या दुखण्याची तक्रार घेऊन आला. निंदणाच्या दिवसांत अशी तक्रार जवळपास प्रत्येकाची असते, म्हणून मी वेदनाशामक सुचवले. सरांनी त्याचे डोळे पाहिले, ते किंचित पिवळे होते. लहानपणापासून थंडी-पावसात असे दुखते का, भावंडांपैकी कुणी लहान असताना गेले का, असे त्यांनी विचारले. दोन्हींचे उत्तर हो असे होते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची विद्राव्यता चाचणी आम्ही सोबत आणली होती, ती सकारात्मक आली. ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांतला फरक दाखवत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. म्हणून नमुना आरोग्यकेंद्रामार्फत पाठवायचे ठरले. भरपूर पाणी पिणे, अंग भिजू न देणे आणि ताप आला तर वाट न पाहणे, एवढे त्याला त्याच दिवशी सांगता आले.

त्या मुलाच्या चिठ्ठीवर मी 'श्रमाने अंगदुखी' असे लिहून टाकले होते. मी तो कागद फाडला नाही. सरांच्या सल्ल्याने खाली नवी नोंद केली आणि पहिली तशीच ठेवली.

दुपारी धारणीहून आशाताई परतल्या. एका रात्रीचा शब्द दिला होता, त्या दोन रात्री राहिल्या होत्या. मुलाचा श्वास कमी झाला होता, त्याने वाटीभर दूध घेतले होते. साधारण दोन आठवडे राहावे लागेल, आणि आई राहीन म्हणाली आहे.

सहावा दिवस

दुपारी बाराला निघायचे होते. सकाळी आमची नोंदवही घेऊन उपकेंद्रात गेलो. आदिवासी भागात उपकेंद्र तीन हजार लोकसंख्येमागे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र वीस हजारांमागे, असा निकष आहे. या सिस्टरकडे डोंगरात विखुरलेले पाडे होते आणि ते त्या बहुतेक पायीच फिरत होत्या. शिबिरात दोनशे रुग्ण तपासले, हे सांगणे सोपे असते. पण त्यांतले कोण पुन्हा तपासायचे, कुणाचा नमुना गेला, कुणाची गोळी कधी संपते हे सिस्टरच्या हाती लागले नाही, तर आम्ही आमचे शिकून परत जाणार आणि गावाच्या वाट्याला फक्त गर्दीचा एक आठवडा येणार. म्हणून आमची वही तिथेच राहणार होती आणि तिची छायाप्रत आमच्याबरोबर येणार होती.

सिस्टरनी वही उघडली आणि पहिल्याच पानावर थांबल्या. या नावाच्या बाया गावात तीन आहेत, यातली कोणती, असे त्यांनी विचारले. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव होते, पण तेही दोन घरांत सारखेच होते. पुढच्या पानांवर असे आणखी कितीतरी निघाले. आम्ही वय, वजन, रक्तदाब, निदान, मात्रा सगळे व्यवस्थित लिहिले होते. माणूस सापडेल असे मात्र लिहिलेले नव्हते. गाडी थांबवली. आम्ही सहा जण उपकेंद्राच्या ओट्यावर बसलो. सिस्टर आणि आशाताई एकेक नाव वाचत होत्या, आठवत होत्या, कधी कधी आपसांत वाद घालत होत्या, आणि आम्ही प्रत्येक नावापुढे लिहीत होतो: हातपंपासमोरचे घर, मोहाखालचे घर, शाळेमागून तिसरे, जिच्या मुलाला धारणीला नेले ती. दोन नावे सिस्टरनी पेन्सिलीने वेगळी केली. ती कुटुंबे कालच कामासाठी बाहेर गेली होती आणि दिवाळीला परतली की त्या स्वतः जाऊन पाहणार होत्या. वाशात गोळ्या खोचणाऱ्या गर्भवतीपुढे आशाताईंनी स्वतःच्या हाताने शुक्रवार असे लिहिले.

हे सगळे संपायला तीन वाजले. सेमाडोह ओलांडेपर्यंत अंधारून आले होते.